भरलेल्या विहिरी

तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्याच्या घरात फारशी किंमत नसते. बत्तीस वर्षे मी कॉलेजात हा विषय शिकवला. पण भाजीत मीठ कमी पडले आहे हे सिद्ध करण्यापलीकडे घरी कुणी मला त्याचा उपयोग करू दिला नाही. एकदाच काय तो माझ्या शास्त्राला घरात मान मिळाला, आणि त्या मानापायी आईच्या पाटल्या गेल्या.

ही गोष्ट 1973 च्या उन्हाळ्यातली. आमचे गाव माणदेशात. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर रिता होतो आणि आमच्याकडे नुसते ढग धाडतो. 1972 साली तर ढगांनीही तोंड दाखवले नाही. निम्मे गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. घरची जमीन पाहायचा तो माझा थोरला भाऊ. त्या दादाने माळावर विहीर पाडायचे मनात घेतले.

चार कोसांवर एक पाणाड्या होता. उंबराची बेचकी फांदी दोन्ही हातांत धरून तो रानातून चालायचा. फांदीने खाली ओढ घेतली, की त्या जागी तळहातावर नारळ आडवा ठेवून पाहायचा, आणि नारळ उभा राहिला की टाचेने मातीत खूण करायचा. दादाचा त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळ्यांनी दादालाच अडाणी ठरवले. तो मला म्हणाला, "तू शिकलेला हाईस. जरा हिंडून चवकशी कर. तू म्हनशील तसं करू."

मी खुशीत निघालो. वय पंचवीस, प्राध्यापकी नवी. ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही, स्वतः डोळ्यांनी पाहायचे, हा बाणा. वही-पेन्सिल घेऊन तीन दिवस पाच गावे पालथी घातली. पाणाड्याने सांगितलेल्या सात विहिरी लोकांनी मला दाखवल्या. सातही विहिरींना, त्या तसल्या सालात, तळाशी का होईना, पाणी होते. मी वाकून पाहिले, खडा टाकून आवाज ऐकला, आणि वहीत लिहून घेतले. सातांपैकी सात! घरी येऊन दादाला आकडा सांगितला. त्याने आईकडे पाहिले. आई काही बोलली नाही. तिने पाटल्या उतरवल्या. हाताला साबण लावावा लागला, इतक्या त्या मनगटात रुतल्या होत्या.

माती गेली, मुरूम लागला, मग काळा पाषाण. यारी बसली, सुरुंग उडाले. चार परस झाले, पाच झाले, सहा झाले. सातव्या परसाला पैसे संपले. दगड कोरडा तो कोरडाच.

पुढच्या वर्षी एका लग्नाला त्याच पायवाटेने चाललो होतो. पाऊस नुकता होऊन गेलेला, ओढा वाहत होता. त्याच्या कडेकडेने चालता चालता एकाएकी माझ्या ध्यानात आले, की माझ्या वहीतल्या सातही विहिरी या ओढ्याच्या काठच्या! तीन दिवस मी या ओढ्याच्या सोबतीने हिंडलो होतो आणि वहीत त्याचे नाव नव्हते. वाट सोडून मी माळावर चढलो. तिथे बाभळीच्या फेसाट्यांनी झाकलेला एक खड्डा दिसला. गुरे राखणाऱ्याला विचारले, ही कुणाची? "ही व्हय? ही बी त्यानंच दावलेली. पर तवा नारळच नासका निघाला हुता." दुसरीपाशी कळले, की अजून दोन हात खाली जायला हवे होते. तिसरीच्या मालकाने मुहूर्त पाळला नव्हता. एका दुपारात अशा पाच मोजल्या, त्यांतल्या चार माळावरच्या. माझ्यापासून कुणी काही लपवले नव्हते. "त्याच्या कोणत्या विहिरीला पाणी लागलं?" असे मीच विचारत हिंडलो होतो, आणि लोकांनी विचारल्याचे चोख उत्तर दिले होते.

दर जूनमध्ये मी वर्गात शिकवत असे: धूर दिसला तर अग्नी आहे म्हणावे, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणू नये. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओले लागते. त्या ओलेपणाला आपले नैयायिक उपाधी म्हणतात. मुलांकडून हे मी पाठ करून घेई. आणि इथे तर उपाधी खळखळ वाजत माझ्या पायांशी चालली होती! आमच्या काळ्या पाषाणात पाताळगंगा वाहत नाहीत. पाणी असते ते मुरमात आणि दगडाच्या सांध्याभेगांत, आणि ते उताराने ओढ्याकडे सरकते. ओढ्याकाठी डोळे मिटून विहीर पाडली तरी बहुधा पाणी लागते.

बेकनच्या 1620 सालच्या ग्रंथात एक जुनी गोष्ट आहे. नवस बोलून बुडत्या जहाजातून वाचलेल्यांची चित्रे देवळात टांगली होती. ती दाखवून एकाला विचारले, आता तरी देवाचे सामर्थ्य मानतोस ना? त्याने विचारले, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? ही गोष्टही मी शिकवत असे. मुले हसत. मीही हसत असे.

मी तणतणत पाणाड्याच्या घरी गेलो. म्हातारा उंबऱ्याशी बसून दोर वळत होता. मी विचारले, "बाबा, तुमच्या किती विहिरी वाया गेल्या?" त्याने वळणारे हात थांबवले, नीट आठवले आणि म्हणाला, "दोन."

तो खोटे बोलत नव्हता. पाणी लागले की मालक त्याला पूजेला बोलावी, पुरणपोळीचे जेवण घाली, फेटा बांधी. पाणी न लागले तर कोण कशाला बोलावील? आमच्याकडून तरी कोण गेले होते? मी आमचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तुमची बी गेली? मला कुनी सांगितलंच न्हाई, मास्तर." आणि त्याने कनवटीचा सव्वा रुपया काढून माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. त्याला लबाड म्हणायला मी चार कोस चालत गेलो होतो.

1985 साली माझ्या आग्रहाने दादाने यंत्र घेऊन येणाऱ्या एका तज्ज्ञाकडून जागा काढून घेतली आणि दोनशे फूट बोअर मारली. नुसती धूळ आली. दादा म्हणाला, "मंग ह्यो बी पाणाड्याच म्हनायचा!" एका बोअरवरून काही ठरत नाही, असे मी म्हणणार होतो, पण जीभ रेटेना. बारा वर्षे मी आमच्या एकाच विहिरीची हकीकत सांगून पाणाड्यांना निकालात काढत होतो, आणि ऐकणारे माना डोलवत होते.

मोठी मोजणी जर्मनीत झाली, म्युनिकजवळ, 1987-88 साली. धान्याच्या कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ, जागा दर वेळी बदललेली. वरच्या मजल्यावर पाणाडे. निवडक 43 जण, 843 खेपा. प्रयोग करणाऱ्यांनी शेवटी त्यांतले उत्तम सहा वेचून काढले आणि यांना काही तरी कळते असे जाहीर केले. पुढे दुसऱ्या एका संशोधकाने सारे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा ते नशिबाच्या खेळाहून निराळे निघाले नाहीत. सहा भरलेल्या विहिरी! पंडितांनाही त्याच दिसल्या हे वाचून मला, खोटे कशाला बोलू, जरा बरे वाटले.

आई गेली, दादाही गेला. पाटल्या पुन्हा करून द्यायच्या राहिल्या. आधी कर्ज फिटायचे होते, आणि ते फिटले तेव्हा आई म्हणाली, "आता हातात जड वाटतील." आमच्या विहिरीत गणपतीच्या सुमारास चार-सहा आठवडे पावसाचे पाणी साठते. एरवी पारवे असतात.

गेल्या मे महिन्यात पुतण्या म्हणाला, "तात्या, माळावर बोअर मारावी म्हंतो. एक पाणाड्या लई नावाजलाय. चला, त्याच्या जागा बघून येऊ." मी म्हटले, येतो, पण वाया गेलेल्या आधी बघू. तो हसला. "त्या कोन दावंल?" तरी मोटारसायकल काढली त्याने. पहिल्या वस्तीवर एकजण म्हणाला, आमच्यात तसली न्हाई. दुसऱ्या वस्तीवर मोटार चालू करून धो धो पाणी दाखवले आणि चहा पाजला. तिसऱ्या घरी एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. माझा प्रश्न तिने दोनदा विचारून घेतला, पदर सावरून उठली आणि म्हणाली, "कोरडी बघाया आलाय? या माज्या मागनं."