पंपाच्या भरवशावर

मला लहानपणापासून दमा आहे. सांगलीत दिवाळीच्या फटाक्यांचा धूर आणि साखर कारखान्यांच्या हंगामात अंगणात पडणारी काजळी, यांनी माझी छाती दरवर्षी भरायची. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो आजार आपल्याला पुरता कळला आहे, अशी माझी खात्री होती. त्या खात्रीपायीच २०२३ सालचे कितीतरी महिने मी इथे न्यू जर्सीत भलत्याच आजारावर पंप ओढत राहिले.

कारण समोरच होतं. त्या वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या जंगलांत वणवे पेटले आणि त्यांचा धूर खाली आमच्यापर्यंत आला. ७ जूनला न्यूयॉर्क आणि आसपासचं आकाश भरदुपारी नारिंगी झालं होतं. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक शहरात चारशेच्या वर गेला. जिथे दीडशेलाच दमेकऱ्याने घरात बसावं, तिथे हा आकडा. मला धाप लागली आणि मी पंप घेतला, यात काहीच चूक नव्हती. पण धूर काही दिवसांत गेला आणि धाप राहिली. मेट्रोपार्क स्टेशनचा जिना चढून फलाटावर पोहोचेपर्यंत कठड्याला धरून उभं राहावं लागे. सप्टेंबरमध्ये गणपतीसाठी मंडळात लेझीमचा सराव सुरू झाला, तेव्हा पहिल्या फेरीतच मी बाजूला जाऊन बसले. सगळ्यांना सांगितलं, ‘माझा दमा. जूनच्या धुराने बिघडलाय.’

खरं तर ही धाप माझ्या दम्यासारखी नव्हतीच. माझा दमा पहाटे येतो. खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते, श्वास आत जातो पण बाहेर सोडताना अडतो. ही धाप फक्त चालताना, चढताना यायची आणि बसलं की दोन मिनिटांत जायची. खोकला नाही, शिट्टी नाही, रात्री शांत झोप. पंपाने फरक पडत नव्हता, उलट हृदय आणखी धडधडायचं. इतकं सगळं स्पष्ट असताना मी काय केलं? पंप लागू पडत नाही म्हणजे दमा वाढला, असं समजून आणखी पंप घेतले.

ते पंप मिळवण्याची माझी पद्धत ही दुसरी चूक. इथे पंपाला डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि आमच्या विम्यात सुरुवातीचा बराच खर्च खिशातून करावा लागतो. म्हणून भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला मी अस्थालिन आणायला सांगायचे. औषध तेच. इथे अल्ब्युटेरॉल म्हणतात, तिकडे साल्ब्युटामॉल. पण त्यामुळे मी महिन्याला किती पंप संपवते हे कुठल्याच फार्मसीच्या नोंदीत येत नव्हतं आणि कुठल्याच डॉक्टरांना दिसत नव्हतं. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ पासून नुसत्या या तात्पुरत्या पंपावर दमा सांभाळू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. सूज कमी करणारा स्टिरॉइडचा पंपही सोबत हवा. माझा तो पंप कपाटात पडून होता. शिवाय जोरात फुंकून श्वास किती वेगाने बाहेर पडतो हे मोजायचं पीक फ्लो मीटरही त्याच कपाटात होतं. धाप लागलेली असताना एकदा जरी त्यात फुंकलं असतं, तरी आकडा नेहमीसारखाच येतोय, म्हणजे नळ्या आकसलेल्या नाहीत, हे घरच्या घरी कळलं असतं.

मी मात्र बोटाला ऑक्सिमीटर लावत बसले. करोनाच्या काळात घेतलेला तो डबीएवढा यंत्राचा तुकडा कायम ९८ दाखवायचा आणि मी निर्धास्त व्हायचे. आज मला त्याचं गणित कळतं आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मनापासून वाटतं. रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ऑक्सिमीटर सांगतो ते इतकंच, की रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. मालगाडीचे सगळे डबे भरलेले आहेत एवढं तो सांगतो. गाडीला डबे किती, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन नेतं. हिमोग्लोबिन १४ ऐवजी ७ झालं, तर तेवढंच रक्त ऑक्सिजन निम्माच नेणार आणि बोटावरचा आकडा तरीही ९८ राहणार.

ऑक्टोबरमध्ये मी एका अर्जंट केअरमध्ये गेले. तिथल्या लोकांना मी दोष देत नाही, कारण आत जातानाच मी ‘दम्याचा अटॅक आहे’ असं निदान हातात देऊन गेले होते. त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दमा असो वा नसो, बऱ्याच जणांना काही दिवस तरतरी येते. मलाही आली आणि माझा ग्रह आणखी पक्का झाला.

आता बर्फाबद्दल सांगते. इथे फ्रिजच्या दारातूनच बर्फ पडतो, पेयाचा पेला निम्मा बर्फाने भरलेला असतो. मला तो चघळायची सवय लागली. आधी पेल्याच्या तळाचे खडे, मग मुद्दाम वाटीभर बर्फ घेऊन. ऑफिसात, गाडीत, रात्री टीव्हीसमोर. थंडीच्या दिवसांतही. नवरा म्हणाला, ‘दात पडतील.’ मुलगी म्हणाली, ‘आई, तू आता अमेरिकन झालीस.’ मलाही ती इथली सवयच वाटली. सांगलीत बायका माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खायच्या तेव्हा ‘रक्त कमी असेल हिचं’ असं आपली आजीसुद्धा ओळखायची. तेच लक्षण बर्फाच्या रूपात माझ्या तोंडात होतं. लोह कमी असलेल्यांना बर्फाची अशी ओढ लागते, हे वैद्यकशास्त्राला चांगलंच ठाऊक आहे.

आणि रक्त कुठे जात होतं, हे तर मलाच माहीत होतं. दीड-दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून फार जात होतं. पहिले दोन दिवस तासाभरात पॅड बदलावं लागे, गाठी पडत. कामाच्या दिवशी मी काळी पँट घालून निघायचे आणि बॅगेत दुसरी ठेवायचे. मैत्रिणींत बोलणं निघालं की सगळ्यांचं एकच उत्तर: ‘पंचेचाळिशी आली, जाता जाता असंच होतं.’ मीही ते अंगावर काढलं. डॉक्टरांकडच्या फॉर्मवर पाळीबद्दल प्रश्न असे, तिथे मी दरवेळी ‘नॉर्मल’वर खूण केली. दम्याच्या डॉक्टरांना हे काय सांगायचं, असं वाटायचं. संकोच होता, आणि तो अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही गेला नव्हता. आई दर रविवारी व्हिडिओवर म्हणायची, ‘चेहरा पांढराफटक दिसतोय गं.’ मी म्हणायचे, इथे ऊन नाही.

शेवटी छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकायला लावून फुप्फुसांची तपासणी, केली. ती माझ्या नेहमीच्या आकड्यांसारखीच निघाली. मग त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये चालवलं. ऑक्सिजन ९८, नाडी १३०. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, ‘तुम्ही बर्फ खाता का?’ मला उत्तर देववेना, डोळ्यांत पाणी आलं. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. बायकांमध्ये ते १२च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, जवळजवळ संपला होता. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी दिसल्या. शिरेतून लोह दिलं, नंतर एक दिवसाआड गोळ्या, आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. बर्फाची ओढ सगळ्यात आधी गेली. स्टेशनचा जिना त्यानंतर काही आठवड्यांनी सोपा झाला. फायब्रॉइडचे उपचार अजून चालू आहेत.

हे फक्त माझं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. विमानात बसल्याने तो मागे राहत नाही. त्यातल्या ज्यांना दमाही आहे, त्यांची धाप दम्याच्याच खात्यावर मांडली जाणार.

माझा दमा गेलेला नाही, आणि हे वाचून कुणी पंप सोडू नये. अमेरिकेत दम्याने दरवर्षी साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मरतात. पंप घेऊनही श्वास अडत असेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर लगेच ९११ला फोन करा. भारतातून लांबच्या विमानप्रवासानंतर अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकाच पोटरीला सूज आली, तरीही थांबू नका, ती फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी असू शकते. पण धाप जुनी असेल, चालतानाच येत असेल आणि पंपाने हटत नसेल, तर डॉक्टरांना सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं) आणि फेरिटिन या दोन तपासण्या करायला सांगा. आणि फॉर्मवर पाळीपुढे ‘नॉर्मल’ लिहिण्याआधी किती तासांनी पॅड बदलता, गाठी केवढ्या पडतात, हे त्यांना स्पष्ट सांगा. ते छातीचे डॉक्टर असले तरी सांगा.