गंजिफाच्या डब्याविषयी

ती. काकांना,


दिवाळीआधी आपल्या दशावतारी गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची, सगळी पानं चिताऱ्याकडून नव्याने रंगवून घ्यावीत, असं तुमच्या मनात आहे. काका, तसं करू नका.

तुम्ही पाठवलेली पानं मी भिंगाखाली धरून बघितली. वराह अवताराच्या प्रधानाच्या पानावरचा घोडा बघा. त्याच्या मागच्या पायाची काळी रेघ एका दमात ओढलेली आहे, खुरापाशी केसाएवढी बारीक होत गेलेली. पोटाशी लाल रंग रेघेबाहेर गेला, तर तो पुसत न बसता त्यावर पिवळे ठिपके देऊन चिताऱ्याने तिथे खोगिराचा गोंडाच करून टाकलाय! नवा रंग कितीही कसबी हाताने दिला तरी हे सगळं त्याखाली जाणार. वर दिसेल ते आजच्या माणसाचं चित्र. तेही सुंदर असेल, पण त्यासाठी जुनं पान कशाला खर्ची घालायचं?

मात्र पानांना हातच लावू नये, असंही मी म्हणत नाही. पानांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले आहेत, वर रंग आणि लाख. कोकणातल्या दमट हवेत खळ सैल होते, थर फुगतात, रंगाच्या खपल्या सुटतात. कसरीलाही ती खळ आवडते. कूर्माच्या दोन पानांवर खपल्या सुटायला लागल्या आहेत, त्या आत्ताच बसवून घ्यायला हव्यात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे मी विचारते. घरी मात्र ओलं फडकं फिरवू नका. स्पिरिट तर नकोच, त्यात लाख विरघळते. चकाकीसाठी फर्निचरचं पॉलिशही नको. उद्या ते काढायला गेलं तर खालची लाखही त्याच्याबरोबर निघेल.

राहिली हरवलेली तीन पानं. ती अवश्य करून घ्या. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी 120 पानं. तिघांत चाळीस-चाळीस वाटायची. एक जरी कमी पडलं तरी वाटणी चुकते. ही तीन पानं जुनाट दिसावीत म्हणून त्यांना धूर देऊ नये, रंग मळवू नये. नवी आहेत, नवीच दिसू देत. मागे बारीक अक्षरांत साल घालायला सांगा.

आणि तुम्हाला रंगांची हौस आहे ना, मग सावंतवाडीलाच एक अख्खा नवा संच सांगा. ही कला संपत आली होती, तेव्हा तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी चिताऱ्यांना राजवाड्यातच काम दिलं, म्हणून ती टिकली. आजच्या चिताऱ्यांना कोरी पानं द्या. दुसऱ्याची रेघ गिरवायला लावू नका. मुलांना त्याच संचावर शिकवा, दिवसा रामाने डाव सुरू होतो आणि रात्री कृष्णाने, हे खेळता खेळताच त्यांना कळू दे.

तोवर पानांना रबर लावलं असेल तर आधी काढा, डाग पडतात. डबा माळ्यावरून खाली आणून भिंतीला न टेकता कपाटात ठेवा. खपल्या पडल्या असतील तर फेकू नका, कागदाच्या पुडीत घालून ठेवा आणि कोणत्या पानाच्या ते वर लिहा.

काकूंना सा. न.

तुमची पुतणी