रिझ अहमद : तिसऱ्या पायरीच्या पुढे

मार्च २०२२मधला ऑस्कर सोहळा बहुतेकांना एका थपडेमुळे आठवतो. विल स्मिथने मंचावर जाऊन ख्रिस रॉकच्या कानाखाली मारली आणि थोड्या वेळाने त्याच मंचावर सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक घेतलं. विल स्मिथ मूळचा रॅपर. त्याच संध्याकाळी आणखी एका रॅपर-अभिनेत्याला ऑस्कर मिळालं, त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. त्याचं नाव रिझ अहमद. ‘द लाँग गुडबाय’ या लघुपटासाठी त्याला आणि दिग्दर्शक अनील कारिया यांना हे पारितोषिक मिळालं. त्या वर्षी आठ विभागांची पारितोषिकं थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधीच दिली गेली होती. लघुपट त्या आठांत होता.

रिझचं भाषण छोटंसं होतं. ‘आपण’ आणि ‘ते’ असं काही नसतं, असतो तो फक्त ‘आपण’, असं तो म्हणाला. कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर अडकून पडल्यासारखं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे पारितोषिक आहे, असंही म्हणाला.

उर्दू शिकवणाऱ्या कुणालाही हे ऐकून मंटो आठवेल. ‘टोबा टेक सिंग’ कथेतला बिशनसिंग लाहोरच्या पागलखान्यात वर्षानुवर्षं उभा आहे. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते, तेव्हा त्याला एकच गोष्ट कळून घ्यायची असते : माझं गाव टोबा टेक सिंग कुठे आहे, हिंदुस्थानात की पाकिस्तानात? शेवटी तो दोन देशांच्या काटेरी तारांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो. हा मंटो आयुष्याची उमेदीची वर्षं मुंबईत राहिला, इथल्या सिनेमासाठी लिहिलं आणि १९४८मध्ये लाहोरला गेला. रिझच्या भाषणावरून मंटो आठवणं हा माझा शिक्षकी खटाटोप नाही. २०२०मध्ये आलेल्या त्याच्या ‘द लाँग गुडबाय’ या अल्बममध्ये ‘टोबा टेक सिंग’ नावाचंच एक गाणं आहे. आई-वडिलांची जन्मभूमी एक, आपली दुसरी आणि दोन्हीकडे कागद तपासले जातात, अशा माणसाने मंटोला जवळ केलं यात नवल नाही.

रिझवान अहमदचा जन्म १९८२चा, लंडनच्या वेम्बली भागातला. आई-वडील सत्तरच्या दशकात कराचीहून इंग्लंडला आलेले. घरात उर्दू, गल्लीत लंडनची रांगडी इंग्रजी, आणि शिष्यवृत्तीवर मिळालेल्या खासगी शाळेत साहेबी इंग्रजी. पुढे ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकला, मग नाट्यप्रशिक्षण घेतलं. दिवसातून तीन वेळा भाषा बदलणाऱ्या मुलाला अभिनय वेगळा शिकवावा लागत नाही, असं मला वाटतं. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळांतली मुलं रोज हेच करतात. घरी दखनी, वर्गात किताबी उर्दू, दुकानात मराठी, फॉर्म भरताना इंग्रजी.

अभिनयाच्या आधी रिझ ‘रिझ एमसी’ या नावाने रॅप करायचा. समोरासमोर उभं राहून शब्दांनी एकमेकांना चीत करायच्या ‘बॅटल’मध्ये तो तयार झाला. रॅप म्हटलं की आपल्याकडची मोठी माणसं नाक मुरडतात. पण कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी का वाटावी? जागेवर रचायचं, समोरच्याचा सवाल त्याच्यावरच उलटवायचा, डफावरच्या थापेला शब्द चुकू द्यायचा नाही. पेशवाईच्या उतरत्या काळात हेच करणारे सगनभाऊ मुसलमान होते, धंद्याने शिकलगार. आज माझ्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी कुर्ल्याच्या नेझीची आणि पुण्याच्या एमसी स्टॅनची गाणी असतात. त्यांना सगनभाऊंचं नाव सांगितलं की ती आधी विश्वास ठेवत नाहीत.

२००६ हे वर्ष रिझच्या आयुष्यात महत्त्वाचं ठरलं. त्या वर्षी त्याचं ‘पोस्ट नाइन-इलेव्हन ब्लूज’ हे गाणं आलं. दहशतवादाच्या भीतीची आणि त्या भीतीवर चालणाऱ्या राजकारणाची खिल्ली उडवणारं हे गाणं ब्रिटिश रेडिओला सुरुवातीला फार नाजूक वाटलं आणि ते वाजवलं गेलं नाही. त्याच वर्षी त्याचा पहिला चित्रपट आला, मायकेल विंटरबॉटम यांचा ‘द रोड टू ग्वांतानामो’. ब्रिटनमधले तीन मुस्लिम तरुण कोणताही गुन्हा सिद्ध न होता ग्वांतानामोच्या तुरुंगात कसे सडले, याची ही खरी कहाणी. बर्लिन महोत्सवात चित्रपटाला दिग्दर्शनाचं ‘सिल्व्हर बेअर’ मिळालं. बर्लिनहून परतताना लंडनजवळच्या लूटन विमानतळावर रिझला बाजूला घेण्यात आलं. एका खोलीत नेऊन धमकावलं गेलं. तू अभिनेता झालास तो मुसलमानांचा लढा पुढे नेण्यासाठी का, असंही विचारलं गेलं. पडद्यावर निरपराध कैद्याची भूमिका केलेल्या माणसाची ही खरी चौकशी!

दहा वर्षांनी, २०१६मध्ये, निकेश शुक्ला यांनी संपादित केलेल्या ‘द गुड इमिग्रंट’ या पुस्तकात रिझने यावर एक लेख लिहिला. ऑडिशनची खोली आणि विमानतळावरची चौकशीची खोली यांत त्याला विलक्षण साम्य दिसलं. दोन्हीकडे आपल्यासारख्याच चेहऱ्याची माणसं ताटकळत बसलेली, आणि दोन्हीकडे तोंड उघडण्याआधीच आपली भूमिका ठरलेली.

याच लेखात त्याने तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी ठोकळ्यांची : दहशतवादी, टॅक्सीवाला, कोपऱ्यावरचा दुकानदार. दुसरी पायरी हे ठोकळे फोडणाऱ्या भूमिकांची. विषय तोच, पण आत माणूस दिसतो. तिसऱ्या पायरीवर पात्राच्या गोष्टीचा त्याच्या वंशाशी, धर्माशी संबंधच नसतो. त्याच्या लेखी तिथे पोचायचं होतं.

पहिल्या पायरीवरच्या भूमिका करायच्याच नाहीत, असं त्याने सुरुवातीलाच ठरवलं होतं. पुढची कारकीर्द बघितली तर हा माणूस सरळ दुसरीवर उभा दिसतो. ‘फोर लायन्स’ (२०१०) हा क्रिस मॉरिस यांचा चित्रपट आत्मघाती हल्ल्याची स्वप्नं बघणाऱ्या चार बावळटांवरची विनोदिका आहे. मीरा नायर यांच्या ‘द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट’मध्ये तो अमेरिकेवर प्रेम करणारा आणि मग तिच्यापासून तुटत गेलेला पाकिस्तानी तरुण झाला. २०१६च्या ‘द नाइट ऑफ’ मालिकेत न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकाचा मुलगा नाझ खुनाच्या आरोपाखाली सापडतो. तुरुंगात त्याचा चेहरा भागागणिक कठीण होत जातो. या भूमिकेसाठी २०१७मध्ये रिझला एमी मिळाला. मुख्य अभिनेत्याचा एमी मिळवणारा तो पहिला मुस्लिम आणि पहिला दक्षिण आशियाई.

तिसरी पायरी आली ‘साउंड ऑफ मेटल’मध्ये. रूबेन नावाचा ढोलवादक, त्याची श्रवणशक्ती जाते. एवढीच गोष्ट. रूबेन कुठला, नमाज पढतो की नाही, हे कुणी विचारत नाही. या भूमिकेसाठी रिझ कित्येक महिने ड्रम आणि खुणांची भाषा शिकला. २०२१मध्ये मुख्य अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला मुस्लिम ठरला. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्याआधी २०१७मध्ये महेरशाला अलींनी मिळवलं होतं. योगायोग असा, की तेही एकेकाळी रॅप करत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नेमक्या याच काळात रिझने ‘मोगल मोगली’ हा चित्रपट बासम तारिक यांच्यासोबत लिहिला आणि त्यात भूमिका केली. झहीर नावाचा रॅपर, जगासाठी ‘झेड’. मोठा दौरा तोंडावर असताना त्याचं स्वतःचंच शरीर स्वतःवर हल्ला करू लागतं. तो आई-वडिलांच्या घरात, दवाखान्याच्या खाटेवर येऊन पडतो. भ्रमात त्याला तोंडावर फुलांचा सेहरा बांधलेला एक माणूस दिसत राहतो, आणि तो स्वतःला टोबा टेक सिंग म्हणवतो. वडिलांनी मनात दाबून ठेवलेली फाळणी मुलाच्या अंगात उतरते. चित्रपटात उर्दू आहे, कव्वाली आहे. परक्या प्रेक्षकाला समजावं म्हणून कुणी थांबून खुलासे करत नाही. नावातच सगळं आहे : अर्धा मोगल, अर्धा किपलिंगचा मोगली, जो लांडग्यांतही पुरता मावत नाही आणि माणसांतही.

तिसऱ्या पायरीवर पोचलेला माणूस पुन्हा मागे का आला? मला वाटतं, तो मागे आलाच नाही. रिझच्या लेखात नसलेली ही चौथी पायरी आहे. दुसऱ्या पायरीवर आपण समोरच्याला पटवत असतो, की बाबा रे, आम्हीही माणसं आहोत. तिसरीवर आपली ओळख बाहेर ठेवून आत प्रवेश मिळतो. चौथीवर आपण आपली ओळख घेऊन आत येतो आणि कुणाला काही पटवत नाही. गोष्ट सांगतो, बस्स.

हे मला नीट कळतं, कारण एक वाक्य मी वीस वर्षं ऐकत आले आहे : “तुम्ही मराठी किती छान बोलता!” बीएडला असताना ऐकलं, प्रशिक्षण शिबिरांत ऐकलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्यांच्या पिढ्या याच मातीत पुरल्या गेल्या, त्यांच्या मराठीचं कौतुक पाहुण्याच्या मराठीसारखं होतं, तेव्हा हसून ‘थँक यू’ म्हणताना घशात काहीतरी अडकतं. ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाला गावाचं नाव सांगितलं की पुढे येतं, ‘नाही, मूळचे कुठले?’ ‘द लाँग गुडबाय’ लघुपटात लग्नघराची गडबड चालू असते, बायका नटत असतात, आणि बंदूकधारी येऊन दारातून माणसं ओढून नेतात. शेवटी रिझ कॅमेऱ्यात बघून ज्या प्रश्नाला उत्तर देतो, तो हाच प्रश्न आहे. आमच्या स्टाफरूममध्ये त्या प्रश्नाला बंदूक चिकटलेली नाही, याबद्दल शुक्र मानावा. पण प्रश्न तोच.

मराठीत या पायऱ्या अगदीच नव्या नाहीत. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज होते. १९६१च्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी संसाराच्या ओझ्याने वाकलेला गरीब कुंभार उभा केला. त्या कुंभाराला कुणी धर्म विचारला नाही आणि अमर शेखांच्या मराठीचं कुणी पाहुण्यासारखं कौतुक केलं नसेल, अशी आशा आहे. शाहिराचा अभिनेता झाला आणि मराठी पडद्याने त्याला मराठी माणूस म्हणून सामावून घेतलं. साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आपल्याला विशेष वाटावी, हेच खटकतं.

२०१७मध्ये ब्रिटनच्या संसदेत चॅनल फोरच्या व्याख्यानात रिझ म्हणाला होता, की ‘वैविध्य’ हा शब्द वरून भुरभुरलेल्या मसाल्यासारखा वाटतो, मला ‘प्रतिनिधित्व’ हवं. आपली गोष्ट कुठेच दिसत नाही असं वाटणारी मुलं दुसऱ्या, घातक गोष्टींकडे ओढली जातात, हा त्याचा मुद्दा होता. त्या भाषणावरून दोन प्रेक्षकांनी पुढच्या वर्षी ‘रिझ टेस्ट’ तयार केली. पडद्यावर मुस्लिम पात्र असेल तर पाच प्रश्न विचारायचे. ते दहशतवादाशी जोडलेलं आहे का? विनाकारण संतापी आहे का? अंधश्रद्धाळू, मागास आहे का? पाश्चात्त्य जगण्याला धोका म्हणून दाखवलंय का? पुरुष असेल तर बायकांना तुच्छ लेखणारा, बाई असेल तर पुरुषांनी दडपलेली आहे का? एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तरी चित्रपट नापास. रिझच्या पाठिंब्याने २०२१मध्ये एक अभ्यासही झाला. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २०० लोकप्रिय चित्रपटांत ८,९६५ बोलणारी पात्रं होती. त्यात मुस्लिम फक्त १.६ टक्के.

चौथ्या प्रश्नात ‘पाश्चात्त्य’च्या जागी ‘आपल्या’ हा शब्द घालून ही चाचणी मी नववीच्या वर्गात घेतली. मुलांनी आपापले आवडते हिंदी-मराठी चित्रपट तपासले. काही पास झाले, बरेच नापास. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “टीचर, जिस पिक्चर में हम लोग हैइच नहीं, वो पास के नापास?”

वर्ग हसला. चाचणीत हा प्रश्न नाही, पण असायला हवा. वाईट चित्रणाविरुद्ध बोलता येतं, निषेध करता येतो. नसण्याविरुद्ध काय बोलणार? त्यावर एकच इलाज, आपण लिहायचं.

त्या मुलाला आता मी एक काम दिलं आहे. चार पानांची नाटिका लिहायची. त्यात एक मुस्लिम घर हवं आणि त्या घरात ईद, तलाक, दंगल यातलं काहीही असता कामा नये. तो दोन दिवस डोकं खाजवत होता. आता त्याने लिहायला घेतलंय : नळाला पाणी किती वाजता येणार यावरून दोन भावांत जुंपलेलं भांडण. भाषा निम्मी मराठी, निम्मी दखनी, आणि कंसात अर्थ कुठेही नाहीत.