हिरव्या रेक्झिनखाली

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या तासाला पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांना विचारते, की एखाद्या ग्रंथाचा मूळ पाठ म्हणजे नेमका कोणता? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ग्रंथरचनेला जवळजवळ तीन शतके लोटली होती. मधल्या काळात लेखनिकांनी आणि वाचकांनी जे घातले, गाळले, बदलले, ते सगळे अशुद्धच मानायचे काय? हा प्रश्न मला आजवर वर्गापुरताच वाटत आला होता. गेल्या वर्षी अण्णांची मोटार दुरुस्तीला काढली आणि तो निलंग्यातल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन उभा राहिला.

मोटार १९७० सालची स्टँडर्ड हेरल्ड. जिओव्हानी मिकेलोट्टी या इटालियन आरेखकाने ट्रायम्फ कंपनीसाठी घडवलेली ही गाडी १९५९ मध्ये इंग्लंडात आली आणि १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. हिचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. ती बहीण आपल्याकडे आली नाही. आपल्या वाट्याला आली ती चार दारांची, ९४८ सीसी इंजिनाची ही संसारी हेरल्ड. तरीही अँबॅसडर आणि फियाटच्या त्या दिवसांत आम्हां मुलांच्या लेखी गावातली स्पोर्ट्स कार हीच होती. अण्णा डॉक्टर होते. १९८१ मध्ये त्यांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली. नीळकंठेश्वराच्या मंदिराजवळच्या अरुंद बोळात इतर गाड्या दोनदा मागेपुढे कराव्या लागत, अण्णा एकाच वळणात फिरत. २००३ पासून ती उभी होती. २०२१ मध्ये अण्णा गेले. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, भावाने देऊन टाक म्हणून कळवले. मी नको म्हटले. का, ते तेव्हा सांगता आले नसते.

मिस्त्री आले. हेरल्डचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते; ते उघडून चाकावर बूड टेकले की सगळे इंजिन हाताशी येते. पिस्टन जाम झाले होते. प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठवडाभर ठेवले, मग पान्याने थोडे थोडे फिरवले. टाकीतून वाटीभर गंज निघाला. ब्रेकची रबरे दगड झाली होती. पेट्रोलच्या नळ्या तर बदलाव्याच लागल्या, कारण आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुने रबर टिकत नाही. या बदलांबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. लेखनिकाचा उघड प्रमाद दुरुस्त करताना संपादकाचा हात कापत नाही.

अडचण आली ती मागच्या सीटपाशी. तिच्यावर हिरवे रेक्झिन होते, ठिकठिकाणी तडकलेले. मिस्त्री म्हणाले, "ताई, हे काढून टाकू की. खाली कंपनीचं कापड हाय." एका कोपऱ्याची शिवण त्यांनी उसवली. खाली मूळचे फिकट कव्हर होते आणि त्यावर काळपट तपकिरी डाग होते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. दिवस उजाडता उजाडता किल्लारीची बातमी आली आणि अण्णा मोटार घेऊन निघाले. तीन दिवस ते जखमींना लातूरला पोचवत होते. त्या खेपांबद्दल ते पुढे कधीच बोलले नाहीत. दिवाळीपर्यंत सीटवर हिरवे रेक्झिन चढले होते.

आता दोन वाटा होत्या. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते. दुसरी वाट साधी : वारस म्हणून नमुना ३१ भरून गाडी नावावर करायची, थकलेला पर्यावरण कर भरायचा, तपासणीला उभे राहायचे आणि पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यायचे. एका जाणकाराने फोनवर सल्ला दिला, की व्हिंटेज करा, सीट 'ओरिजिनल' करून घ्या. पण ओरिजिनल कोणते? १९७० मध्ये मद्रासहून निघाले ते, की १९९३ मध्ये अण्णांनी मिटून ठेवले ते? मला वाटले, हे रेक्झिन म्हणजे अण्णांचे मौन आहे. ते उसवण्याचा अधिकार मला नाही. उसवलेला कोपरा मी पुन्हा शिवून घेतला आणि दुसरी वाट धरली.

तपासणीसाठी लातूरला जाताना आई सोबत आली. पुढे न बसता ती मागे बसली. औशाच्या अलीकडे, मी न विचारताच, म्हणाली, "हे कापड मी घातलं होतं. ते नको म्हणत होते. म्हणायचे, राहू दे तसंच, कोण बसलं होतं ते मला माहीत असलं पाहिजे. मलाच बघवत नव्हतं."

एवढ्या श्रद्धेने मी ज्याला अण्णांचा पाठ म्हणत होते, तो आईचा होता. अण्णांचा खाली होता आणि तिने तो झाकला होता, फाडला मात्र नव्हता. आरशात ती खिडकीबाहेर पाहत होती. मी विचारले, "मग आता काढायचं का?" ती म्हणाली, "आधी तुझी गाडी पास तर होऊ दे."

गाडी पास झाली. रेक्झिन अजून तसेच आहे. या वर्षी वर्गात तो प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर सांगण्याची घाई मात्र मी केली नाही.