हयातीचा फोटो

कोहमाऱ्याला मुद्दाम असं कोणी येत नाही. येतात ते गाडी बदलायला. नागपूर-रायपूर हायवे इथून आडवा जातो. गोंदियाहून गोरेगावमार्गे आलेला रस्ता त्याला ओलांडून सडक अर्जुनी, नवेगावबांध, मोरगाव अर्जुनीकडे उतरतो. चौकात कधीही बघा, हातात पिशवी धरलेली चार माणसं चार दिशांना माना वळवून उभी असतात. जुने लोक हायवेला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात, पाटीवर तो कधीचाच ५३ झाला. या चौकापासून दोन मिनिटांवर माझा स्टुडिओ आहे. दहा बाय अठराचा गाळा, पुढे काउंटर, मागे निळा-पांढरा पडदा आणि उत्तरेला एक खिडकी. ही खिडकी म्हणजे माझी सगळ्यात महागडी लाइट, हे कळायला मला बारा वर्षं लागली.

वाटसरूंच्या गावात स्टुडिओ चालतो तो पासपोर्ट फोटोवर. ‘अर्जंट, पाच मिनिटांत.’ चार बाय सहाच्या कागदावर आठ बसतात, कटरने कापायचे, छोट्या पाकिटात घालून द्यायचे, पन्नास रुपये. या आठाच्या शीटची युक्ती आपल्या काळातली आहे असं मला वाटायचं. ती निघाली १८५४ सालची. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ-दहा छोटे फोटो घ्यायची पद्धत काढली, तिचं पेटंट घेतलं आणि फोटो स्वस्त केला. दिस्देरीकडे राजेरजवाडे रांग लावायचे म्हणतात. पण जे आठ त्याला काढता येत होते, ते शेजाऱ्यालाही येऊ लागले, भाव पडला, आणि १८८९ मध्ये तो माणूस कफल्लक होऊन मेला. मी ही गोष्ट वाचली तेव्हा चौकात माझ्यासकट तीन स्टुडिओ झाले होते, शिवाय झेरॉक्सवाल्यानेही प्रिंटर घेतला होता.

दर लक्ष्मीपूजनाला नवी वही घालायची सवय मला गोंदियाच्या उस्तादांनी लावली. त्यांच्याकडे मी पोऱ्या म्हणून होतो, तेव्हा छत्तीसचा रोल होता आणि एक फ्रेम वाया गेली तर टपली बसायची. वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचं बोट, खाली वर्षाचं टार्गेट. २०१८ च्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलंय: ‘३० लग्नं. ड्रोन. फुल फ्रेम कॅमेरा. नागपुरात ब्रँच (५ वर्षांत).’ त्या दिवसांत मी मोबाइलवर धंदा वाढवायचे व्हिडिओ फार बघायचो. त्यातले गुरुजी सांगायचे, स्वप्न मोठं पाहा आणि ते आकड्यात मांडा. मी दोन्ही केलं होतं.

त्या वर्षी सत्तावीस लग्नं झाली. म्हणजे टार्गेट जवळजवळ गाठलं. आणि मार्चमध्ये होता त्याच कॅमेऱ्याचा हप्ता भरायला मला बायकोची भिशी उचलावी लागली.

हिशेब एका रात्री बसून मांडला, तो अजून त्याच वहीच्या मागच्या पानावर आहे. एक लग्न पस्तीस हजारांचं. त्यात कारिझ्मा अल्बम सात हजार, व्हिडिओवाला दोन दिवसांचे सहा, ड्रोन भाड्याने पाच, हेल्पर दीड, एडिटिंग चार, पेट्रोल-नाश्ता एक. गेले साडेचोवीस. उरले साडेदहा. आता आमच्याकडचा रिवाज असा की शेवटचे दहा हजार अल्बम नेताना द्यायचे, आणि अल्बम न्यायचा तो धानाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, हातात आल्यावर. कधी चुकाऱ्याला उशीर, कधी बोनसची वाट. म्हणजे लग्न मी केलं खरं, पण मजुरी वधूपित्याच्या घरी ठेवून फक्त पाचशे रुपये घेऊन आलो. असे सत्तावीस वेळा. माझ्या कपाटात सहा अल्बम अजून पडून आहेत. त्यातल्या एका जोडप्याची मुलगी आता शाळेत जाते.

उधारीबद्दल मला कोणावर राग नाही. इथे पैसा धानाच्या चालीने चालतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी धानकऱ्याचाच पोरगा आहे. चूक टार्गेटात होती. लग्नं किती लागतील हे मुहूर्तावर, धानाच्या भावावर आणि कोणाच्या साळ्याने कॅमेरा घेतलाय यावर ठरतं. त्यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. आकडा मोजता येण्याजोगा होता, पण तो माझा नव्हता.

मग २०२० ची टाळेबंदी आली. हायवेवरून माणसं छत्तीसगडकडे पायी चालत गेली, ती मी बंद शटरच्या फटीतून पाहिली. कॅमेरा बाहेर काढला नाही. आज वाटतं काढायला हवा होता, आणि लगेच वाटतं, नाही काढला ते बरं.

खरा धडा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मिळाला. लग्नं बंद, शाळा बंद, आणि तरी काउंटरवर रोज एक-दोन माणसं. ‘भाऊ, बाबाचा फोटो मोठा करून देता का?’ हातात काय? आधार कार्ड. किंवा मोबाइलमध्ये कोणाच्या तरी हळदीचा ग्रुप फोटो, त्यात तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी फेट्याआडून अर्धा दिसणारा बाप.

हे काम काय असतं ते सांगतो. भिंतीवर लावायचा आठ बाय बाराचा फोटो धारदार यायला हवा असेल, तर इंचाला तीनशेच्या हिशेबाने चोवीसशे बाय छत्तीसशे पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला फोटो लांब बाजूला सोळाशेच्या आसपास उरलेला असतो, तोही अख्खा ग्रुप. त्यातला बापाचा चेहरा कापला की हातात येतात दीडशे पिक्सेल. तो ताणायचा. ताणला की नाक मेणाचं होतं. मग डोळे दुसऱ्या फोटोतून आणायचे, शर्टाच्या जागी कोट चढवायचा, मागे निळं आभाळ, खाली दोन तारखा. मुलगा फ्रेम हातात घेऊन गप्प उभा राहायचा. एकदा एकाने हळूच विचारलं, ‘हे आमचे बाबाच हायेत ना जी?’ मी हो म्हणालो. त्याच्याकडून मी पैसे घेतले, हेही लिहून ठेवतो.

त्या दोन महिन्यांत मी असे एकेचाळीस फोटो बनवले. त्या एकेचाळीसांपैकी किती जण कधी ना कधी माझ्या स्टुलावर पासपोर्टसाठी बसून गेले होते, ते मी जुन्या हार्ड डिस्कवर शोधलं. एकोणीस. निराधार नाहीतर श्रावणबाळ योजनेच्या कागदांसाठी, बँकेच्या पासबुकासाठी, हयातीच्या दाखल्यासाठी. एकोणीस माणसं माझ्या खिडकीपासून चार हातांवर बसली होती आणि मी त्यांना ‘मान सरळ, झालं’ म्हणून उठवलं होतं. आणखी दोन मिनिटं बसवलं असतं तर?

त्या दिवाळीच्या वहीत एकच ओळ आहे: ‘महिन्याला दहा म्हातारी माणसं. जिवंतपणी.’

हिशेब साधा. बैठक सहाशे रुपयांची. प्रिंट आणि फ्रेम मिळून दोनशे चाळीस जातात, तीनशे साठ उरतात. हेल्पर नाही, ड्रोन नाही, उधारी नाही, अर्ध्या तासात मोकळा. दहा झाले की छत्तीसशे, एवढ्यात गाळ्याचं भाडं निघतं. आणि मुख्य म्हणजे, कोणाला बस म्हणायचं आणि किती वेळ बसवायचं, हे माझ्या हातात.

म्हातारी माणसं बसायला तयार असतात असं मात्र समजू नका. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी काठी आपटली. ‘काहाले फोटो काढतेस बाबू? मी का आता मरतो?’ ही भीती जुनीच. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी फोटोचा धंदा केला होता, गोध्र्यात आणि मग बडोद्यात. कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो आणि माणूस मरतो, अशी आवई उठली आणि बडोद्यात त्यांचा धंदा बसला. आमच्या भागात शक्ती शोषली जाते असं आता कोणी मानत नाही. पण फ्रेम म्हणजे हार, हे डोक्यात पक्कं आहे. म्हणून मी नाव बदललं. मोठा फोटो म्हणत नाही, ‘हयातीचा फोटो’ म्हणतो. सरकार दरवर्षी तुम्ही जिवंत आहात याचा कागद मागतं, तसा एक घरासाठी. हे त्या आजोबांना पटलं. हसले, आणि ते हसत असतानाच मी बटण दाबलं.

मग एक चूक मी स्वतः केली. डोंगरगावाकडची एक आजी, डोक्यावर पदर, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. फोटो सुरेख आला होता. प्रिंटला टाकण्याआधी सवयीने सॉफ्टवेअरमधून चेहरा गुळगुळीत केला. लग्नाच्या नवऱ्यांना तेच हवं असतं. नातीने फ्रेम घरी नेली. दोन दिवसांनी आजी स्वतः जीपमध्ये बसून आली. फ्रेम काउंटरवर ठेवली आणि हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, ‘माजा गोंदना कोठी गेला जी?’

सॉफ्टवेअरने ते ठिपके डाग समजून पुसले होते. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत जातं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. आणि मी तेच काढून घेतलं होतं. पुन्हा प्रिंट काढून दिली, फ्रेम नवी दिली. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्याला मी माउस लावत नाही. सुरकुती असेल तर सुरकुती. फक्त उजेड बघतो. खिडकीकडे अर्धं तोंड, पलीकडून थर्माकोलची शीट, पन्नासची लेन्स, आणि डोळ्यात खिडकीचा चौकोन दिसेपर्यंत हनुवटी वर. आमच्या झाडीबोलीत ळ नाही, डोळ्याला डोरा म्हणतात. ‘आजी, डोरे इकडे’ म्हटलं की चेहरा निम्मा सैल होतो. उरलेला निम्मा ‘रोवणा आटोपला का?’ या धानाच्या लावणीच्या प्रश्नाने होतो. ‘हसा’ म्हणून कोणी हसत नाही. पण किती बांध्या झाल्या, किती बाया लागल्या, परे, म्हणजे रोपं, कमी पडले का, हे बोटांवर मोजताना माणूस कॅमेरा विसरतो.

पहिल्या वर्षी एकशेवीसचं टार्गेट होतं, झाले एकाहत्तर. वही चाळली तर घोळ लगेच दिसला. दिवाळीनंतर महिन्याला बारा-तेरा, कारण मंडईची जत्रा असते, पाहुणे येतात, रात्री वडशाकडच्या नाटक मंडळ्यांचे प्रयोग असतात, लोक तेल लावून, इस्त्री करून बाहेर पडतात. उन्हाळ्यात मी लग्नात, म्हणून तीन-चार. आणि जुलै-ऑगस्टमध्ये शून्य. रोवण्याच्या दिवसांत स्टुडिओकडे कुत्रं फिरकत नाही. माझ्याकडे हे दोन महिने दर वर्षी कर्जात जायचे, आणि मी ते पावसाच्या नावावर टाकून झोपा काढायचो.

बायकोने एक वाक्य टाकलं. म्हणाली, तरणी माणसं सगळी बांधीत असतात, मग घरी कोण असतं?

घरी म्हातारी माणसं असतात. लेकरं राखत, परसातल्या कोंबड्या हाकत, पडवीत बसून. आणि आषाढातलं आभाळ म्हणजे गावभर पसरलेला एक मोठा पांढरा पडदा. सावली पडत नाही, डोळे बारीक करावे लागत नाहीत, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ मऊ उतरते. असा उजेड विकत घ्यायचा म्हटला तर माझा अख्खा धंदा विकावा लागेल. दोन वर्षांपासून जुलै लागला की मी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळतो, मागच्या सीटला थर्माकोल बांधतो आणि गाडीवर गावोगाव जातो. तलावाच्या पाळीवरून, नागझिरा अभयारण्याच्या बाजूच्या वस्त्यांमधून. पहिल्या जुलैत अठरा झाले, दुसऱ्यात बावीस. पेट्रोल जातं, एकदा चिखलात गाडी आडवी झाली आणि थर्माकोलचे दोन तुकडे झाले. ते तुकडेच आता जास्त उपयोगी पडतात.

नागपूरची ब्रँच वहीतून कधी गेली ते आठवत नाही. लग्नं मी अजून करतो, पण पंधरावर थांबतो आणि अल्बमआधी पूर्ण पैसे घेतो. यामुळे चार-पाच गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, त्यांचं चांगलं चाललंय. फुल फ्रेम कॅमेरा घेतला नाही. धंदा वाढला का, असं साडू विचारतो. गेल्या जुलैचा हप्ता वेळेवर गेला, एवढं मी त्याला सांगितलं.

या वर्षीच्या वहीत जुलैपुढे पंचवीस लिहिलंय. आजपर्यंत अकरा नावं झाली. उरलेल्या चौदांत तुमच्या घरचं कोणी असेल तर चौकात कोणालाही सांगून ठेवा, सकाळी दहाच्या आत येतो. फक्त एक करा, आजीला नवं लुगडं नेसवून, पावडर लावून खुर्चीत बसवून ठेवू नका. ती जिथे रोज बसते तिथेच बसू द्या.