अर्धे डोके

आजारांतही मानाचे आजार आणि बिनमानाचे आजार असतात. ताप हा मोठा मानाचा. तो आला की थर्मामीटर झटकला जातो, उशाशी तांब्याभांडे येते, शेजारीण पेज घेऊन डोकावते. पाय मुरगळला तर सूज दाखवता येते. दाढ दुखली तर गाल फुगून आपल्या वतीने बोलतो. अर्धशिशीच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. जीभ स्वच्छ, नाडी ठीक, अंग गार. आणि माणूस मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेले! पाहणाऱ्याने विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारावर? शिवाय 'डोकं दुखतंय' ही सबब इतक्या जणांनी वापरून गुळगुळीत केली आहे की, ज्याचे खरोखर दुखते त्याला तेच शब्द उच्चारताना संकोच वाटावा.

मी राहते बारामतीला आणि शिकवते इंदापूरच्या एका शाळेत. इंदापूर बारामतीच्या पूर्वेला. म्हणजे सकाळी एसटीत बसले की सूर्य समोर, आणि संध्याकाळी परत निघाले की पुन्हा समोरच. भूगोलाने माझ्याशी असे वैर का धरावे, कळत नाही! रस्त्याकडेच्या झाडांमधून ऊन तुकड्यातुकड्यांनी डोळ्यांवर आदळते. उजेड, सावली, उजेड, सावली. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडते आणि मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येऊन बसतो. तिकीट न काढता. अशाच एखाद्या सकाळी, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊन चमचमावे तसे काहीतरी डोळ्यांपुढे चमचमू लागते. कालवा मागे पडतो, चमचम मागे पडत नाही. तिला करवतीसारखे दाते फुटतात, ती कडेकडेला सरकत मोठी होते, आणि वर्गात पोहोचेपर्यंत फळ्यावरचा अर्धा शब्द नाहीसा झालेला असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी हा देखावा ओसरतो. मग डाव्या भुवईच्या वर कोणीतरी शांतपणे खिळा ठोकायला घेते.

या नागमोडी रेषेचे मला जितके भय वाटते तितकेच कुतूहलही. कार्ल लॅशले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला तीच दिसत असे. त्या गृहस्थाने काय करावे? अशा वेळी पेन्सिल घेऊन ती रेषा दर काही मिनिटांनी कुठवर पोहोचली ते कागदावर काढले, आणि १९४१ साली हिशेब मांडला की, मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकत असले पाहिजे. तीनच वर्षांनी लेआओ नावाच्या ब्राझीलच्या संशोधकाने सशाच्या मेंदूवर तशीच एक संथ लाट दाखवून दिली. मुंगीसुद्धा जिला सहज मागे टाकील अशी ही लाट, आणि तिच्यापुढे मी शाळा सोडून घरी येते!

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही हे दुखणे चांगले ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' आहे. ग्रीकांनी त्याला 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, असे म्हटले. त्याचेच झिजून 'मायग्रेन' झाले. पूर्वी समजत की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि एवढाच हा सगळा खेळ. आता मूळ मेंदूत आणि चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल या मज्जातंतूत शोधतात. त्याच्या टोकांशी सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते आणि वेदनेची आग पेटते. या उलगड्याबद्दल चार शास्त्रज्ञांना २०२१ साली डेन्मार्कचे 'ब्रेन प्राइझ' मिळाले, आणि त्या द्रव्यालाच अडवणारी औषधेही निघाली आहेत. शेजारच्या कर्नाटकातली २०१५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, तिथल्या प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला वर्षभरात हे दुखणे होऊन जाते. बायकांना पुरुषांहून दुप्पट-तिप्पट. एवढी माणसे भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि तरीही हा आजार बिनमानाचाच.

आमच्या घरातले संशोधन मात्र कॅलेंडरवर झाले. बारामतीतल्या ज्या डॉक्टरांकडे मी गेले, त्यांनी औषधाआधी नोंद ठेवायला सांगितली. कोणत्या दिवशी उठले, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती, जेवण वेळेवर की उशिरा, पाळीची तारीख कोणती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा रतीब मांडलेला असतोच; त्याच चौकोनात मी पेन्सिलीने अर्धी चंद्रकोर काढू लागले. अर्धे डोके, म्हणून अर्धा चंद्र.

चार महिन्यांत त्या चंद्रकोरींनी घरातल्या कितीतरी समजुती खोट्या पाडल्या. चिंचेच्या आमटीवर उगाच आळ होता. ती निर्दोष सुटली. सापडले ते निराळेच चोर. चंद्रकोरी दाटल्या होत्या श्रावणात आणि हरितालिकेच्या निर्जळी उपासाला. पाळी सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी. सहामाहीचे पेपर तपासून संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ओझे उतरल्यावर! आणि न्हाण्याच्या दिवशी. हे शेवटचे सांगताना मी जरा चाचरले, पण डॉक्टर हसले नाहीत. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ रुग्णांची निरीक्षणेच प्रसिद्ध केली आहेत, ज्यांचे डोके केस धुतल्यावर उठते. आपल्या लांब, ओल्या केसांची वैद्यकाने घेतलेली ही दखल वाचून मला एखादे प्रशस्तिपत्रक मिळाल्यासारखे वाटले.

मग उपाय फारसे अवघड राहिले नाहीत. गोळी घ्यायची ती चमचम ओसरून कळ डोके वर काढते तेव्हाच. ठोकाठोक रंगात आल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते, कारण तेव्हा पोटही संपावर गेलेले असते. आणि गोळ्यांची चटक लागू द्यायची नाही. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक खाणाऱ्याचे डोके पुढे त्या गोळ्यांनीच दुखू लागते. औषधाचाच आजार होतो. वारंवार उठत असेल तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधे वेगळी. त्यांतल्या प्रोप्रॅनोलॉलची गोष्ट गमतीची आहे. ते छातीतल्या कळांसाठीचे औषध. १९६६ साली ते घेणाऱ्या एका रुग्णाची अर्धशिशीही थांबल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. मला ते लागू पडले. दमेकऱ्याला मात्र ते चालत नाही, म्हणून कोणी माझ्या भरवशावर घेऊ नये. आणि वीज कोसळावी तसे एकाएकी दुखले, किंवा दुखण्याबरोबर ताप येऊन मान ताठली, तर ती अर्धशिशी समजून अंधारात पडून राहायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा.

हे सारे सासूबाई दुरून पाहत होत्या. त्यांच्याबद्दल घरात एक जुनी कथा आहे. महिन्यातून दोन-तीनदा त्या कपाळाला पट्टी आवळून, सुंठेचा लेप लावून माजघरात दार लोटून बसत. कोणी हाक मारली तर उत्तर नाही, भांडे पडले तर अंगावर येत. मुलांनी त्याला नाव दिले होते 'आईचा राग'. 'आज आईचा राग आहे' असे म्हणत पोरे चवड्यांवर चालत. माझे दीर-नणंदा अजून जमले की हसतहसत त्या रागाच्या आठवणी काढतात, आणि सासूबाई ऐकून घेतात. चाळीस वर्षांची ती कळ, आणि घराच्या इतिहासात तिची नोंद काय, तर स्वभाव तापट!

एका दुपारी त्यांनी मला विचारले, "अगं, ह्या चंद्रकोरी कसल्या काढतेस?" मी सांगितले. त्या बराच वेळ चौकोन मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि ते डोळ्यांपुढे चमकतं, ते तुलाही दिसतं?"

"दिसतं. तुम्हाला दिसायचं, आई?"

"मला वाटायचं, मला वेडबिड लागतंय. सांगायचं कुणाला?"

पाळी जाऊन वर्षे लोटली तशी त्यांची अर्धशिशी उतरली आहे, गेलेली नाही. पुढच्या महिन्यात कॅलेंडरवर माझ्या चंद्रकोरींशेजारी एक वाटोळे वर्तुळ उमटले. "तुझं अर्धं दुखतं, माझं अख्खं दुखतं," त्यांनी खुलासा केला. हरितालिकेला त्यांनी स्वतः माझ्यापुढे फळांची ताटली सरकवली. गेल्या दिवाळीत मी आदल्या दुपारीच केस धुऊन उन्हात वाळवले, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे नुसत्या अंगावरून पाणी घेतले, तेव्हा त्यांनीच बाहेर सांगितले, "तिचं न्हाणं झालंय."

भाऊबिजेला आलेल्या धाकट्या नणंदेने स्वयंपाकघरात कॅलेंडर पाहिले. "वहिनी, हे गोल कसले गं?"

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या. "तो माझा राग आहे," त्या म्हणाल्या. "आता मोजून ठेवते." आणि चकल्यांचा डबा खाली काढायला वळल्या.