आकाश बघायचंय? आधी बॅग भरा!

शनिवारची दुपार. डोंबिवली स्टेशन. कर्जत लोकलची वाट बघत आम्ही चौघं उभे: मी, माझ्या दोन मैत्रिणी आणि माझा ६६ वर्षांचा काका. माझ्या खांद्यावर जवळपास मीटरभर लांबीची राखाडी बॅग. शेजारच्या एका काकूंना राहवलं नाही. "काय गं, कीबोर्ड का?" मी म्हटलं, "नाही, दुर्बीण." काकूंनी एकदा बॅगेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं लांब सरकल्या. मला तेच तर हवं होतं!

तारीख १७ जानेवारी २०२६. दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. बेत साधा. वांगणीला जायचं, रात्रभर आकाश बघायचं आणि सकाळच्या लोकलने घरी. मुंबई-ठाण्याच्या आकाशवेड्यांना वांगणी नवी नाही. खगोल मंडळासारख्या संस्थेने तिथे वर्षानुवर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले आहेत. बदलापूरच्या पुढचं स्टेशन, तिकीट लोकलचं आणि गाडीची गरज नाही. खिशाला परवडणारा याहून मस्त वीकेण्ड दुसरा कुठला?

पण या वेळी माझ्या पोटात गोळा होता. कारण बॅगेतली दुर्बीण काकाची होती आणि आधीच्या वर्षी मी ती जवळपास मोडून आणली होती.

काकाचा आरसा

२४ ऑक्टोबर १९९५ चं खग्रास सूर्यग्रहण बघून काका जो वेडा झाला तो झालाच. त्याने स्वतःच्या हाताने सहा इंची आरसा घासला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतल्या गॅलरीत, ऑफिसमधून आल्यावर, रोज रात्री तासभर. काचेच्या एका तबकडीवर दुसरी ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं आणि घासत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. मग पूड बारीक, आणखी बारीक. शेवटी डांबरासारख्या पिचवर पॉलिश. खोली बरोबर आली का हे बघायला त्याच्याकडे एक बल्ब आणि दाढीचं ब्लेड होतं. ही फूकोची चाचणी, एकोणिसाव्या शतकातली. पण तिच्याने पृष्ठभागावरची जी चूक पकडता येते ती केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी! शेवटी आरशाच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवला की झाला दुर्बिणीचा आरसा.

१९९७ मध्ये हेल-बॉपचा धूमकेतू काकाने याच आरशातून आख्ख्या बिल्डिंगला दाखवला. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि दुर्बीण माळ्यावर गेली. "तू घेऊन जा, तरुण आहेस," असं म्हणून त्याने ती मला दिली.

आणि मी काय केलं? २०२५ च्या फेब्रुवारीत ती गोधडीत गुंडाळली, ट्रेकच्या सॅकमध्ये उभी खुपसली आणि लोकलच्या रॅकवर टाकली. कल्याणच्या गर्दीत कुणीतरी आपली बॅग ओढली आणि त्याबरोबर माझी सॅकही खाली आली. आवाज असा झाला की आजही आठवला तर अंगावर काटा येतो. घरी येऊन बघते तर आरसा धरून ठेवणाऱ्या क्लिपा सैल झालेल्या आणि आरशाच्या कडेला शिंपल्याएवढा टवका उडालेला.

तीन दिवस मी काकाला फोन केला नाही. चौथ्या दिवशी आरसा घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. तो काही बोलला नाही. गॅलरीत गेला, उजेडात आरसा तिरका धरला आणि कडेवरून बोट फिरवलं. मग आतून काळा मार्कर आणून टवक्याची जागा रंगवली. "उजेड इकडेतिकडे फेकायला नको तिने," म्हणाला. "कड गेली, चेहरा वाचला. दिसेल सगळं. पण बाळा, पुढच्या वेळी आधी हिचं घर बघ."

घर शोधताना

मग सुरू झाला बॅगेचा शोध. आपण आधी काय करतो? ऑनलाइन शोधतो. मीही तेच केलं आणि 'टेलिस्कोप बॅग' असं ठळक अक्षरांत लिहिलेली एक बॅग मागवली. ती आली तेव्हा कळलं की सांगितलेली लांबी बाहेरची होती आणि आतला फोम पापडाएवढा. शिवाय ट्यूबच्या बाजूला जो फोकसर बाहेर डोकावतो, ज्यात डोळ्याची भिंग बसते, त्याच्यासाठी जागाच नव्हती. चेन लावली तर सगळा दाब बरोबर त्याच्यावर. म्हणून पहिला धडा हा: माप ट्यूबचं घेऊ नका, ट्यूबमधून जे जास्तीत जास्त बाहेर येतं त्याचं घ्या. माझी ट्यूब १८ सेंटिमीटर जाडीची, पण फोकसर धरून ती २६ होते.

दुसरा पर्याय कडक प्लॅस्टिकच्या पेटीचा. आत फोमचे छोटे चौकोन, हवे तेवढे काढून वस्तूच्या आकाराची खाच करायची. दिसायला एकदम प्रोफेशनल! गाडीच्या डिकीतून जाणार असाल किंवा विमानात सामान म्हणून टाकणार असाल तर हीच घ्या. विमानाच्या केबिनमध्ये साधारण सात किलोपर्यंतची छोटी बॅग चालते, त्यामुळे मोठी ट्यूब पोटातच जाणार आणि तिथे कुणी ती हळूच ठेवेल या भरवशावर राहू नका. पण लोकलच्या पुलावरून ती पेटी चढवायची? रिकामी पेटीच जड लागत होती. कॅन्सल.

तिसरी आयडिया धोबी तलावला सुचली. तिथे खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. क्रिकेटची किट बॅग! लांबी फिट, किंमत ठीक आणि चाकंसुद्धा. पण चाकं हाच घोटाळा. प्लॅटफॉर्मच्या लाद्यांवरून खडखडत नेली की प्रत्येक लादीचा धक्का आतल्या स्क्रूपर्यंत पोचतो. दुर्बीण खांद्यावरूनच न्यावी, निदान लोकलने जाताना तरी.

शेवटी पोचले धारावीत. तबल्याच्या आणि कीबोर्डच्या बॅगा शिवणारा एक कारागीर मिळाला. त्याने माप घेतलं, ट्यूबचं चित्र बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅडम, तोप है क्या?"

त्याला फोमबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी मऊ फोम मागितला, तर त्याने अंगठ्याने दाबून दाखवलं. अंगठा थेट टेबलाला टेकला. वजनदार वस्तू पडली की नुसता मऊ फोम असाच चपटा होतो आणि धक्का आत जातो. म्हणून बाहेरच्या बाजूला योगा मॅटसारखा घट्ट फोम आणि आत वस्तूला बिलगणारा मऊ थर. दोन्ही टोकांना दुप्पट, कारण लांब बॅग पडते ती टोकावरच. चेन १० नंबरची, तीन बाजूंनी फिरणारी, म्हणजे झाकण पेटीसारखं पूर्ण उघडतं आणि ट्यूब ओढून काढावी लागत नाही. खांद्याचा पट्टा नुसता वर शिवलेला नाही, तो बॅगेच्या पोटाखालून फिरवून आणलाय. शिवण उसवली तरी ट्यूब पट्ट्यावरच राहते. काळा रंग मी मुद्दाम टाळला, उन्हात तापतो. एकूण खर्च अडीच हजार रुपये आणि दोन चकरा.

आरसा मांडीवर

बॅग घेऊन काकाकडे गेले. त्याने ती उघडली, दाबली, उलटी केली. मग विचारलं, "आणि आरसा?"

"ट्यूबमध्येच ना."

"नाही. आरसा वेगळा."

किलोभराचा तो काचेचा तुकडा ट्यूबच्या तळाशी तीन क्लिपांवर बसलेला असतो. ट्यूब आपटली की सगळी ताकद त्या क्लिपांवर. काकाने मागचे तीन स्क्रू काढून आरसा त्याच्या बैठकीसकट बाहेर घेतला. काकूचा लाडवांचा स्टीलचा डबा आणला (काकूच्या चेहऱ्याकडे आम्ही बघितलं नाही) आणि फोमची गोल कडी कापून त्यात अशी बसवली की आरसा फक्त कडेवर टेकेल. चकचकीत तोंडाला काहीही लागता कामा नये, कापडसुद्धा नाही. वर झाकण आणि झाकणाला रबर. "हा डबा रॅकवर जाणार नाही," काका म्हणाला. "मांडीवर राहील. आणि मांडी माझी असेल."

म्हणजे तो येणार होता! इतक्या वर्षांनी!

मग बॅग भरायला बसलो. फाइंडर, म्हणजे ती छोटी नेम धरायची दुर्बीण, काढून वेगळ्या पाऊचमध्ये. फोकसर पूर्ण आत. ट्यूबच्या दोन्ही तोंडांवर झाकणं. आयपीस आपापल्या डब्यांत, एकमेकांना न लागतील असे. पाने आणि स्क्रूड्रायव्हर ट्यूबच्या बॅगेत अजिबात नाहीत. प्लायवूडचा डॉब्सोनियन स्टॅण्ड चार नट काढले की सपाट होतो, तो मैत्रिणीच्या खांद्यावर. शेवटी काकाने बॅग उचलून कानाशी नेली आणि हलकेच हलवली. "आवाज आला तर समजायचं, आत कुणीतरी भांडतंय." आवाज आला. एक झाकण सैल होतं. पुन्हा उघडलं, पुन्हा भरलं.

आणि वांगणी

बदलापूर गेलं की खिडकीतला सीन बदलतो. इमारती मागे पडतात, भात कापलेली शेतं दिसतात, त्यात वालाची हिरवी रोपं. चंदेरीचा सुळका संध्याकाळच्या उजेडात काळा होत गेलेला. काका डबा मांडीवर धरून बसला होता, दोन्ही हात झाकणावर. कुणीतरी विचारलं, "आजोबा, खाऊ का?" तो म्हणाला, "हो, रात्री खायचाय."

खरं सांगायचं तर वांगणी आता पूर्वीइतकी काळोखी नाही. बदलापूर-अंबरनाथच्या बाजूचं आकाश रात्रभर केशरी असतं. नव्या बिल्डिंगी थेट स्टेशनपर्यंत आल्यात. पूर्ण काळोख हवा असेल तर विदर्भातल्या पेंचला जा. २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पण त्यासाठी रजा लागते. वांगणीला फक्त शनिवार लागतो.

ओळखीच्यांच्या शेतावर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. काकाने डबा उघडला, आरसा बैठकीसकट ट्यूबमध्ये बसवला आणि स्क्रू हाताने घट्ट केले. आरशाच्या मधोमध कागदाची छोटी रिंग चिकटवलेली आहे. फोकसरमधून बघत मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे आणि ती रिंग मधोमध आणायची. आरसा काढला-घातला की हे करावंच लागतं. पाच-दहा मिनिटांचं काम. माझे हात थरथरत होते, थंडीने नव्हे.

पहिला शनी, पश्चिमेला. त्याची कडी २०२५ च्या मार्चमध्ये बरोबर कडेवरून आपल्या रेषेत आली होती, त्यामुळे अजून ती नुसत्या रेघेसारखी. सुईत ओवलेला मणी. मग पूर्वेला पुनर्वसूच्या जोडीजवळ गुरू आणि त्याचे चंद्र. १६१० च्या जानेवारीतच गॅलिलिओने ते पाहिले होते. शेजारच्या शेतात पोपटी लागली होती, वालाच्या शेंगांचा खमंग वास येत होता, पण जाळाकडे बघायचं नाही असा काकाचा हुकूम. अंधाराला सरावलेले डोळे एका जाळाने बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात.

शेवटी मृग. तलवारीतला तेजोमेघ. काकाने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. आम्ही तिघी गप्प उभ्या. मला फक्त तो टवका दिसत होता, काळ्या मार्करने रंगवलेला.

"मधले चारही तारे सुटे दिसतायत," काका म्हणाला. "टाचणीच्या टोकासारखे."

मग बाजूला होऊन म्हणाला, "ये, बघ. आणि पुढच्या महिन्यात कधी जायचं ते ठरव."

जाण्याआधी, आल्यानंतर

- माप फोकसरसकट घ्या आणि त्यात फोमची जाडी धरा. बॅगेची आतली लांबी विचारा, बाहेरची नाही.
- फोम अंगठ्याने दाबून बघा. अंगठा तळाला टेकला तर तो एकटा पुरणार नाही.
- जड आणि टोकदार वस्तू ट्यूबबरोबर ठेवू नका. काउंटरवेट असेल तर त्याची पिशवी वेगळीच.
- मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा.
- रात्रीच्या दवात गार झालेली दुर्बीण घरी आणल्याबरोबर उघडू नका, काचेवर पाणी धरेल. बॅग बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडून सगळं सुकवा.
- ओलसर बॅगेत दुर्बीण ठेवून देऊ नका. पावसाळ्यात काचेवर बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदला.
- आणि लोकलमध्ये? आरसा मांडीवर!